वाकळा वाळल्याच न्हाईत

आभाळ परत भरून आलंय. सकाळी कसं कडक ऊन पडलंतं, आणि आता तीन वाजलं न्हाईत तवर उगवतीकडनं काळं काळं चढाय लागलंय. परतीचा पाऊस. जून-जुलैच्या पावसाला मी भीत न्हाय, तो दिवसभर पडतो, आपुनबी तयारीत असतो. ह्यो ऊन दावून फसवतो. गेल्या साली मला ह्यानंच फसवलं. न्हाय, खोटं कशाला बोलू, माझी मीच फसलो.

तवा माझी लेक चार महिन्यांची हुती. पहिलंच लेकरू. मालक सकाळी सातला कारखान्यात जायचं, मग घरात मी, लेक आणि आत्ती, म्हंजे माझी सासू. पत्र्याच्या खोल्यांची ओळ हाय आमची, त्यातली एक खोली, एक खिडकी.

घट बसायच्या आधी आमच्यात दसरा काढत्यात. म्हंजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, चिंधी न् चिंधी नदीला न्हेऊन धुवायची. ओळीतल्या सगळ्यांचा काढून झालता, माझाच राहिलता. शेजारची अक्का, ती कर्नाटकाच्या बाजूची, दारातनं जाता जाता म्हणाली, "काय गं, यंदा देवीला मळक्या वाकळंवर बसवतीस व्हय?" हसतच म्हणाली ती, पण मला झोंबलं.

तीन दिवस सलग ऊन पडलंतं. चौथ्या दिवशी मी उठलो आणि सगळंच गोळा केलं. चार वाकळा, चादरी, पोरीची लंगोटं, दुपटी, टोपरी. आत्ती म्हणाली, "अगं, लेकराची एक वाकळ तरी मागं ठेव. हस्त लागलाय, त्याचा काय भरवसा न्हाय."

"अर्धा दसरा काढून काय उपेग आत्ती? धुतल्यालं न् न धुतल्यालं एकात मिसळलं की सगळंच बाटलं."

"देवी काय वाकळ हुंगाय येणार हाय व्हय?"

मी ऐकलं न्हाय. लेकीची वाकळ माझ्या आईनं शिरोळास्नं शिवून दिल्याली, तिच्याच जुन्या लुगड्यांची, मऊ मऊ. तीच बोचक्यात सगळ्यांच्या वर ठेवली मी.

घाटावर मी असं काय आपटून आपटून धुतलं की एक बाई म्हणाली, "बाळंतीण हाय का तालमीतला पैलवान?" सगळ्या हसल्या. मीबी हसलो. वाकळा दगडावर पसरल्या, दुपारपतूर वरनं कोमट लागाय लागल्या. मला लई बरं वाटलं, खरं सांगतो, लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा वाटलं की आपुनबी घर चालवतोय.

आणि मग गडगडलं. हात लावायच्या आत कोसळला. भिजल्याली वाकळ कसली जड हुती, म्हशीचं रेडकू उचलल्यागत. अक्का धावून आली, दोघींनी दोन खेपांत सगळं घरात आणलं.

तीन दिवस ऊन न्हाय. खोलीत दोऱ्या बांधून सगळं टांगलं, टपटप टपटप. खिडकीतनं तुषार येत्यात म्हणून खिडकी बंद. पोरगी माझ्या लुगड्यावर निजायची आणि ते लुगडंबी ओलंच. अक्कानं एक चादर दिली, ती पोरीनं तासात भिजवली. दुसऱ्या दिवशी पोरगी शिंकाय लागली, तिसऱ्या दिवशी छाती घरघर वाजाय लागली.

आंघोळीनंतर लेकराला धुरी देत्यात आमच्यात, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाच्या साली टाकून. पण शेणाच्या वाळल्या शेणी संपल्यात्या, हुत्या त्या दमट. आत्ती दळपाला गिरणीत गेलती. मला वाटलं, जरा जास्ती शेणी लावू, पोरीलाबी ऊब लागंल आणि वाकळाबी वाळतील. निखाऱ्याचं घमेलं दोरीखाली ठेवलं आणि वारा नको म्हणून दार लावून घेतलं. धूर मायनासा झाला. माझंच डोळं उघडंनात. पोरगी आधी लई रडली. मला वाटलं रडू दे, छाती मोकळी हुईल. मग गप झाली. मला वाटलं, ऊब लागली, झोपली.

झोपली वाटलं मला. तिच्या आईला.

आत्तीनं दार ढकललं आणि "अगं काय केलंस गं हे!" म्हणून पोरीला हिसकावून घेऊन तशीच पावसात जाऊन उभी राहिली. पोरीचं ओठ जांभळागत झालतं. रिक्षात मी तिच्या नाकाला बोट लावून बसलो हुतो, श्वास लागतोय का बघत, आणि रिक्षाच्या हादऱ्यात काय कळंना.

दवाखान्यात बाई डॉक्टर हुत्या. पोरीच्या तोंडाला नळी लावली आणि विचारलं, "घरात धूर झाला होता का?"

मी म्हटलं, "न्हाय."

"नीट आठवून सांगा. उपचार त्यावरच ठरणार."

 खरं सांगितलं की ह्या म्हणणार, आईनंच मारलं. आत्तीनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं झाली. "केलता धूर, बाई. अर्धा तास तरी असंल. मीच केलता. म्हाताऱ्या माणसाची अक्कल."

डॉक्टर सगळ्यांच्या देखत तिला बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत हुती, पिठाचा हात पदराला पुसत. मी बाजूलाच उभा हुतो.

पोरगी जगली. पाचव्या दिवशी घरी आणली. पण छाती तिची धरली ती धरलीच. आभाळ आलं की बारीक शिट्टी वाजाय लागती तिच्या श्वासात, सव्वा वर्षाचं लेकरू खेळता खेळता खाली बसतंय आणि खांदं उचलून श्वास घेतंय. बरं हुईल का, हे कुणीच छातीठोक सांगत न्हाय.

मालकांनीबी तेच खरं धरलं, तवापास्नं आपल्या आईला पोरीला घेऊ दिलं न्हाय. ती दारातनं बघती. पोरगी हात पसरती तिच्याकडं, आणि ती मुद्दाम चुलीकडं तोंड करती. मी किती डाव ठरवलं, आज सांगायचं. सांगितलं तर पोरीला माझ्याकडनंबी काढून घेतील, ही भीती बसलीया, ती जात न्हाय.

यंदा आत्तीनंच दसरा काढाय घेतलाय. तीन वाकळा बांधल्या, माझ्या आईनं दिल्याली मागं ठेवली.  त्या वाकळंला अजून धुराचा वास येतोय.

आत्ता फोन आलता मालकांचा. "आभाळ आलंय. पोरीला आईजवळ सोडू नगंस."

आत्ती समोरच बसल्याली, तिला ऐकू गेलं.

मी म्हटलं, "व्हय."