मावशींचा घसरलेला आकडा

वळ गावातल्या गोदामात मी पॅकिंगला आहे. ड्युटी संपली की रिक्षा पकडायची, कंपनीला एक मिनिटही फुकट द्यायचं नाही, हा माझा बाणा. शेजारच्या टेबलावरच्या मावशी मात्र रोज मागे थांबून बॉक्स भरत राहायच्या. माझं डोकं फिरायचं. ‘‘कंपनी तुमचा पुतळा उभारणार आहे का?’’ असं विचारलं की त्या नुसत्या हसायच्या.

आमच्याकडे भरलेला बॉक्स ज्याच्या स्कॅनरने वाचला जातो, त्याच्या नावावर चढतो. सगळ्यांचे आकडे भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतात. मावशींचा हात सगळ्यांत चपळ, पण हल्ली आकडा सगळ्यांत खाली. एकदा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘मावशी, वय झालं आता.’’ त्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

मग एक दिवस माझी टेप संपली म्हणून त्यांच्याकडे मागायला गेले. त्यांच्या पलीकडे धामणकर नाक्याहून येणारी एक मुलगी उभी असायची. तिला सातवा महिना होता. बाळंतपणाची रजा सुरू होण्याआधी आकडा पडला तर ठेकेदार घरी बसवेल, ही तिला धास्ती. मावशी तिचे जड बॉक्स ओढून घेत होत्या, भरत होत्या आणि तिच्याच स्कॅनरने वाचत होत्या. स्वतःचे राहिलेले भरायला त्या रोज मागे थांबत होत्या!

‘‘मौसी, बस करो. मेरे वास्ते आपको सुनना पडता है,’’ मुलगी म्हणाली.

‘‘बोलू दे गो त्याला. बोलल्यानं माझं पोट न्हाय दुखत.’’

मी टेप मागायचीच विसरले. मेहनत मिरवणारे मी ढिगाने पाहिलेत. मेहनत लपवून वर बोलणी खाणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

त्या संध्याकाळी मी रिक्षा सोडली. एक बॉक्स भरला आणि मावशींचा स्कॅनर उचलून वाचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा बॉक्स ओढला. पुढच्या दिवसांत ओळीतली एकेक बाई येता-जाता तेच करू लागली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगी सुखरूप रजेवर गेली, त्या दिवशी मावशींचा आकडा सगळ्यांत वर होता.

‘‘या बायकांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे,’’ सुपरवायझर म्हणाला.

‘‘शिकल्या हायत,’’ मावशी म्हणाल्या, आणि ड्युटी संपताच माझ्या शेजारी रिक्षात येऊन बसल्या.