राखणदाराला वाहिलेलं इंजिन माउंटिंग

मी राखणदाराला वाहाणांच्या ऐवजी गाडीचं इंजिन माउंटिंग वाहिलं.

हो, बरोबर वाचलंत. इंजिन ज्यावर बसवतात तो रबर-लोखंडाचा ठोकळा, ज्याच्यामुळे इंजिनाची थरथर आपल्या बुडापर्यंत पोचत नाही. तो. नवाकोरा. केळी-नारळासकट, हात जोडून.

हसून झालं असेल तर पुढचं ऐका. कारण पुढचं हसण्यासारखं नाही… म्हणजे, थोडं आहे.

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचो, आणि वाचून झालं की बायकोला मोठ्याने वाचून दाखवत खिदळायचो. देवचार, चकवा, मागून हाक मारणारी बाई — माझा कशावरच विश्वास नव्हता. धंद्याने मी विमा एजंट. 'अचानक झालं', 'आपोआप झालं', 'कसं झालं कळलंच नाही' ही वाक्यं रोज ऐकतो. त्यातली किती खरी निघतात ते विचारू नका.

राहायला गोव्यात, मुळगावात, डिचोलीच्या अलीकडे. गाडी माझ्या लग्नाहून जुनी. कुरकुर दोन्हीत आहे, पण दोन्ही अजून चालू आहेत. घरात मी, बायको सुषमा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई. सासूबाईंचं माहेर केरी. पेडण्याचं केरी, सत्तरीचं नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर अर्धे लोक सत्तरीतल्या धरणावर जाऊन पोचतात.

केरीच्या त्यांच्या वाड्यावरचा राखणदार रात्रभर शिवेवर फिरतो अशी तिथे श्रद्धा. फिरून फिरून त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या वाहतात. ऑपरेशनच्या आधी सासूबाईंनी आंगवण केली होती, म्हणजे नवस बोलल्या होत्या — माका चलय, तुका नव्यो व्हाणो हाडटां. आणि त्या पोचवायचं काम कुणाकडे? गाडी ज्याच्याकडे त्याच्याकडे.

आता माझी अक्कल बघा. त्या दिवसांत इंजिनातून खडखड यायला लागली होती. कारापूरचा बाबुसो मेस्त, म्हणजे आमचा मेकॅनिक, म्हणाला, माउंटिंग गेलं, नवं आण. मी म्हापशाला गेलो, चांभाराकडून राखणदारासाठी करतात तशा थोराड वाहाणा घेतल्या, घरी आणल्या. सुषमाने त्यांच्या पट्ट्यांवर हळद-कुंकू लावलं आणि पेपरात गुंडाळून सुतळीने बांधल्या. पार्टवाल्याने माउंटिंगही पेपराच्या जाड घड्यांत गुंडाळून सुतळीनेच बांधलं होतं. दिसायला सारखीच दोन्ही पुडकी डिकीत.

केरीला पोचलो. सासूबाईंनी बजावलं होतं, देवाची वस्तू उघडून बघायची नाही, आणि ठेवली की मागे वळायचं नाही. मी दोन्ही पुडकी हातात तोलली. म्हटलं, राखणदार म्हणजे दांडगा गडी, त्याचा पाय मोठा, तेव्हा जड पुडकं त्याचं. जड पुडकं राखणदाराच्या वडाखालच्या चौथऱ्यावर ठेवलं, हात जोडले आणि मागे न बघता आलो. आयुष्यात एकदाच सांगितलेलं तंतोतंत ऐकलं, तेच नडलं.

हलकं पुडकं डिकीत जॅकच्या मागे सरकवलं. माउंटिंग म्हणून! बाबुसोला वेळ मिळाला की बसवून घेऊ.

परतीच्या वाटेवर आवाज बदलला.

आधी खडखड होती. आता… कसं लिहू? चर्र — टप. चर्र — टप. गाडी जोरात हाणली तरी तेवढाच, हळू नेली तरी तेवढाच. ज्यांना इंजिन कळतं त्यांनी इथे थांबून विचार करावा. इंजिनाचा आवाज रेस दिली की वाढतो. हा वाढत नव्हता. त्याची चाल त्याची होती.

बाबुसोकडे गाडी नेली की गप्प! माणसाचं दुखणं डॉक्टरच्या दारात थांबतं तसं. बाबुसो सगळ्या गिऱ्हाइकांना पात्रांव म्हणतो, म्हणजे मालक. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "पात्रांव, गाडी बरी आसा. तुझे कान धुवन हाड."

मी सोडतो होय! घरी यूट्यूब लावलं, सुषमाची लाकडी दवली, म्हणजे पळी, घेतली, दांडा चालू इंजिनाला टेकवला आणि दुसरं टोक कानाला. स्टेथोस्कोप.

सुषमा दारातून म्हणाली, "काय म्हणता इंजिन? जेवलास काय विचारता?"

"टॅपेट असू शकतं."

"टॅपेट असूं नाय तर टोपी असूं. ती दवली सोल कढीची आसा. धुवून ठेवा."

बाबुसोने टॅपेट सेट केले. मग म्हणाला पुलीचं बेअरिंग. मग म्हणाला सायलेन्सरवरचा पत्रा. बाबुसोचा एक गुण मानावा लागेल — चुकला तरी आवाज कमी होत नाही. माझ्या गाडीसारखाच. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "अरे, माउंटिंग पडलंय डिकीत, ते घाल ना." आणि प्रत्येक वेळी तो, "माउंटिंगचो आवाज असो येना पात्रांव! मेस्त मी काय तू?" आता आवाज खडखड नव्हता, हे त्याचंही खरंच होतं.

मी मात्र पेटलो होतो. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. कामावर जाताना खिडक्या बंद, रेडिओ बंद, मान तिरकी. आणि मग दोन गोष्टी लक्षात आल्या ज्या मी बाबुसोलाही धड सांगितल्या नाहीत. एक, गाडी कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याकडे निघाली की आवाज बारीक होई, आणि डिचोलीकडे वळली की वाढे. कुणीतरी नाखुशीने मागे फिरल्यासारखा. दुसरी… चावी काढल्यावर इंजिन थांबायचं, तो आवाज लगेच नाही थांबायचा. चर्र — टप, चर्र — टप… आणि मग बंद.

"तापलेलें लोखंड थंड जाता," बाबुसो म्हणाला. पटलं. पटवून घेतलं.

इकडे घरात वेगळीच काळजी. सासूबाईंचा गुडघा बरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता चाला, रोज चाला, नाहीतर सांधा आखडेल आणि मग काठी नव्हे, खाट धरावी लागेल. पण सासूबाई बाल्कांवाची, म्हणजे दारापुढच्या ओट्याची, पायरी उतरायला तयार नाहीत. तिथेच खुर्ची टाकून बसायच्या, पाय सुजत चाललेले.

"आई, अहो वाहाणा ठेवून आलोय ना मी राखणदाराकडे."

"ठेवल्यो आसतल्यो. ताका पावूंक नात."

"पावल्या नाहीत म्हणजे?"

"तो शिवेर चलूंक ना अजून. मगे मी कशी चलूं?"

सुषमा रात्री माझ्याकडे बघून रडली. मी म्हटलं, वय झालं की असं बोलतात. विमा एजंटचं उत्तर.

आणि एक सांगायचं राहिलं. मी संध्याकाळी घरी येऊन गाडी लावली की सासूबाई खुर्चीतून विचारायच्या, "जावयबापू, कोण आयलो तुमच्यावांगडा?"

"कोणी नाही, आई. मी एकटाच आहे."

"पावलां आयकलीं."

घरात सगळे त्याला खडखड म्हणत होते. त्या एकट्या पावलं म्हणत होत्या. मी त्यावर हसलो होतो, हेही लिहून टाकतो.

शेवटी एका सकाळी बाबुसोने हात टेकले. "हाड तुझें तें माउंटिंग. घालून टाकूया, तुझी हौस फिटूं दी." भर उन्हात, त्याच्या गॅरेजच्या अंगणात मी डिकी उघडली, जॅकमागून पुडकं काढलं. सुतळीची गाठ सुषमाची, तशीच घट्ट. पेपर कुठेही फाटलेला नाही. बाबुसोने पान्याने सुतळी तोडली.

आतून वाहाणा निघाल्या.

पहिला सेकंद मला फक्त माझा गाढवपणा दिसला. अरे देवा, मग मी तिकडे ठेवलं काय? बाबुसो हसायला लागला — आणि मध्येच थांबला. त्याने एक वाहाण उचलून उलटी केली.

टाच झिजून गेलेली. तळ पातळ, बाहेरच्या कडेला जास्त, महिनोन्‌महिने चालणाऱ्या माणसाची झिजते तशी. शिवणीत मुळगावच्या खाणीची लाल माती, आणि त्या लाल मातीत पांढरी, बारीक समुद्राची रेती. पट्ट्यांवर सुषमाने लावलेलं हळद-कुंकू मात्र ताजं असावं तसं.

तोंडात पाना धरूनही बोलणाऱ्या बाबुसोने पाना खिशात टाकला. मग वाहाणा दोन्ही हातांनी पेपरावर ठेवल्या आणि म्हणाला, "हें माझ्या लायनीतलें न्हय, पात्रांव."

चांभाराने जुन्या दिल्या असतील? मग सुषमाला कुंकू लावताना दिसलं नसतं? कुणी काढून घातल्या असतील? मग गाठ तीच कशी? कुणी घालून झिजवल्या म्हणावं, तर माप असं की मी दोन्ही पाय एका वाहाणेत घालावेत. ह्या माझ्या शंका. तुमच्या तुम्ही काढा, मी सगळ्या काढून दमलोय.

घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, सासूबाई सोलून काढतील. त्यांनी फक्त वाहाणा मांडीवर घेतल्या, तळावरून बोट फिरवलं आणि सुषमाला म्हणाल्या, "माझें न्हेसपाचें कापड काड. केरीक वचूंया."

तसेच निघालो. मी गाडी चालवत होतो, सुषमा बाजूला, सासूबाई मागे. वाहाणा त्यांच्या मांडीवर होत्या. कोलवाळचा पूल गेला, पेडणे गेलं… गाडीत आवाज नाही. मी म्हटलं, बघा, थांबला! केरीची सुरूची झाडं दिसायला लागली, काच खाली केली, आणि — चर्र — टप.

गाडीत नव्हे. बाहेर. माझ्या बाजूच्या खिडकीलगत, गाडीच्या वेगाने, तरी चालणाऱ्याच्या चालीने. कसं ते विचारू नका. सुषमाने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मी तिकडे बघितलं नाही. मागे बघायचं नसतं म्हणे. बाजूला बघायचं की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, मी धोका पत्करला नाही.

वडापर्यंत गाडी जात नाही, पुढे रेतीची पायवाट आहे. मी दार उघडून सासूबाईंना हात द्यायला वळलो, तर त्या उतरलेल्या. काठी बगलेत. एक पाऊल, मग दुसरं, ओठ घट्ट मिटून, थांबत-थांबत… पण चालल्या. मी आणि सुषमा मागून.

आणि वडाखाली माझं इंजिन माउंटिंग होतं!

पेपर कुणीतरी काढला होता. चौथऱ्यावर मधोमध, बोल्टच्या एका भोकात जास्वंद, दुसऱ्यात विडी, रबरावर कुंकवाचा टिळा. बाजूच्या गाड्यावर चहा करणारी बाई पदराला हात पुसत आली. "तुमचें काय तें? आमी म्हटलें, कोणा ड्रायव्हराची आंगवण आसतली. म्हणून रोज फूल घालतां."

मी हळूच विचारलं, "मग… हे परत घेता येईल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माउंटिंगलाच नमस्कार केला.

सासूबाईंनी वाहाणा चौथऱ्यावर ठेवल्या. मी म्हटलं, "आई, झिजलेल्या आहेत. नव्या आणूया?"

"कित्याक? ताणें घाल्ल्यो त्यो. ताच्योच."

परत येताना गाडीत तेच जुनं, फाटकं माउंटिंग होतं. बाबुसोने नंतर खालून बॅटरी मारून बघितलं. म्हणाला, रबर दोन तुकडे झालंय, ही गाडी खडखडलीच पाहिजे. नाही खडखडत. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही नाही. सासूबाई रोज सकाळी मुळगावच्या शेतापर्यंत चालून येतात. याची कारणं मी खूप शोधली. बाबुसोने शोधली. एकाही कारणात दोन्ही गोष्टी बसत नाहीत, आणि लाल मातीतली ती रेती तर कशातच बसत नाही.

त्या दिवशी घरी पोचून मी गाडी लावली, चावी काढली. शांतता. न राहवून म्हणालो, "पण आई, खरं सांगा, पायात कुणी नसताना वाहाणा चालतील कशा?"

सासूबाई बाल्कांवाची पायरी चढत होत्या. वर पोचल्या, दम घेतला, बोटाने स्वतःच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारली.

"त्यो व्हाणो पायांबगर चल्ल्यो, जावयबापू. तुमची तकली मात मानेर आसूनय चलना."