कुस्तीच्या फडात बायका येत नाहीत

टीव्हीवरच्या कुस्तीवर बोलायचा हक्क आमच्या घरात एकाच माणसाला आहे, आणि ते माणूस म्हणजे माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणतो. गुडघे धरल्यामुळं ती खुर्चीवर बसते, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप घेते आणि दाणे सोलता सोलता निकाल देते. मध्ये कुणी बोललं तर शेंग फेकून मारते. नेम चांगला आहे.

मागच्या हिवाळ्यात मी कलबुर्गीहून खजुरीला घरी गेले होते. नव्वदच्या दशकात गावात केबल आली तेव्हा आम्ही अमेरिकेची कुस्ती बघायचो. त्यातला एक जुना भाग मला मोबाईलवर सापडला आणि मी तो टीव्हीला जोडून दिला. चित्र धुरकट होतं. मी कुरकुरले तर अव्वा म्हणाली, "तवाबी असंच दिसत होतं. तू गप बस."

भाग असा होता. आधी एक गडी आला. अंगात पांढरा झगमगता कोट, गळ्यात फुलांची माळ, आणि चालता चालता लोकांच्या अंगावर गुलाब फेकत होता. अव्वानं त्याचं नाव तेव्हाच नवरदेव ठेवलं होतं. त्याच्यासमोर एक टकला, पोट सुटलेला आडदांड गडी. हा रोडरोलर. रोडरोलरच्या मागं काळा चष्मा लावलेला, हातात काठी घेतलेला एक किरकोळ माणूस असायचा. तो कुस्ती खेळत नसे, पण सगळी भांडणं लावायचा. त्याला अव्वा एजंट म्हणायची, कारण तालुक्याला कागदं काढून देतो म्हणून झाडाखाली उभी असतात ती माणसं तिला अगदी अशीच दिसत.

पंचाबद्दल काय लिहू! एजंटानं नवरदेवाच्या पाठीत काठी घातली तेव्हा हा मुलखाचा शहाणा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. हजारो लोक बोंबलून सांगत होते, तरी ह्याला काही दिसलं नाही. "बांध मोजायला आलेला माणूस बी असाच बघतो," अव्वा म्हणाली. "मोठ्या शेतकऱ्याचा बांध आला की त्येला बूट आठवतो." इंग्रजीत दोघं जण घराला आग लागल्यासारखे ओरडून माहिती देत होते. अव्वाला इंग्रजी येत नाही, पण त्यानं तिचं काही अडलं नाही. ते दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत, मग आपण कामून ऐकायचं, असं तिचं म्हणणं.

मग नवरदेवानं रोडरोलरला डोक्यावर उचलून आपटलं. मी टाळी वाजवली. अव्वानं मात्र सूप बाजूला ठेवलं.

"मागं घे जरा. बघ, उचलायच्या आधी कानात काय तरी सांगितलंय. मग ह्यो टकल्या आपणच उडी मारायलाय. आन पडताना त्येचं डोकं बघ, नवरदेवानं तळहातात धरलंय. लई चांगला गडी हाय गं ह्यो."

इतक्यात दारात मामा उभा राहिला. मामा म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ. माझ्या आजोळच्या जत्रेत कुस्त्या लावतो, पंच म्हणून फेटा बांधून फिरतो आणि उरलेलं वर्ष त्या फेट्याच्या तोऱ्यात काढतो. टीव्हीकडं बघून त्यानं आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. "अक्का, अजून हेच बघायलीस व्हय? समदं खोटं हाय हे!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मामा सुट्टीला आला की हे वाक्य म्हणायचा आणि मग पडद्यावरनं डोळे न हलवता शेवटपर्यंत बघायचा. करंट गेला तर सगळ्यात जास्त शिव्या तोच घालायचा. ह्याही वेळी त्यानं चहाची कपबशी हातात घेतली ती तशीच धरून बसला. चहावर साय आली तरी त्याला पत्ता नव्हता.

अव्वाला ही कुस्ती का आवडते हे समजायला तिच्या माहेरी जावं लागेल. तिचे वडील, म्हणजे अप्पा, पैलवान होते. पंचक्रोशीत नाव होतं. त्यांच्यासाठी बदाम वाटायचं काम अव्वाचं, भाकऱ्या थापायचं काम अव्वाचं, मातीनं माखून आले की पाणी तापवायचं कामही तिचंच. पण वडिलांची एकही कुस्ती तिनं बघितली नाही. जत्रेत हलगी वाजायला लागली की बायकांनी घरात बसायचं. ती माळवदावर चढून कान देऊन उभी राहायची. हलगीचा ठेका वाढला की अप्पांनी डाव टाकला असं समजायचं, आणि लोकांचा गलका झाला की कोण पडलं ह्या काळजीनं जीव मुठीत धरायचा. सीमेपलीकडच्या एका नामांकित पैलवानाबरोबर त्यांची कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली आणि बरोबरीत सुटली, ही आमच्या घराण्याची पोथी आहे. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मलाच आपण तिथं होतो असं वाटतं. अव्वा मात्र तिथं नव्हती.

म्हणून केबल आली तेव्हा ती पडद्याला चिकटली. दोन माणसं एकमेकाला धरतात म्हणजे नेमकं काय करतात, पाठ मातीला कशी लागते, हे तिला एकदा बघायचं होतं. अमेरिकेतनं का होईना.

मामानं खिशातनं जत्रेचं पत्रक काढलं. वर देवाचं चित्र, त्याखाली पुढाऱ्यांचे फोटो, ते देवापेक्षा थोडे मोठे, आणि अगदी खाली पैलवान. त्यात यंदा दोन मुलींची कुस्तीही छापली होती. अव्वानं चष्मा लावून पत्रक बघितलं.

"पोरी खेळणार हाईत व्हय रं?"

"मग! जमाना बदललाय अक्का."

"मग यंदा मी बी येते फडात. अप्पा जिथं खेळले ती जागा तरी बघते."

मामाचा चेहरा पडला. "तसं कसं? बायका येत न्हाईत फडात."

"ह्या पोरी काय बाप्ये हाईत?"

"त्या खेळायला येतात अक्का. बघायला न्हाई."

हे बोलताना मामाला हसू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट आपण फार मुद्द्याचं बोललो अशा थाटात त्यानं गार चहा एका घोटात संपवला. अव्वानं टीव्ही बंद करायला सांगितला. कुस्ती अर्धी सोडून टीव्ही बंद करायला तिनं सांगितलं, असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. मला मामाचा असा संताप आला, की त्याच्या फेट्याचं पायपुसणं करावंसं वाटलं.

जत्रेच्या दिवशी मी अव्वाला गाडीत घातलं आणि थेट फडाशी नेऊन उतरवलं. परवानगी मागितली की नाही म्हणायची सोय होते, म्हणून मागितलीच नाही. गर्दीनं वाट दिली. म्हातारी चुकून इकडं आली असावी असं लोकांना वाटलं. फडाच्या कडेला मंडपवाल्याच्या खुर्च्यांची एक रांग होती आणि मधल्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकला होता. ती मुख्य पाहुण्यांची. पाहुणे रीतीप्रमाणं उशीर करत होते. अव्वा गेली आणि त्या टॉवेलवर बसली.

मामा फडातनं धावत आला, आणि मध्येच थांबला. भर फडात थोरल्या बहिणीला हात धरून उठवायची हिंमत त्याला झाली नाही. पाहुणे आल्यावर त्यांना शेजारची खुर्ची मिळाली. त्यांनी तर लगेच वाकून अव्वाला नमस्कार केला. निवडणूक जवळ आली असावी.

मुलींची कुस्ती खरी आणि झटपट झाली. एकीनं दुसरीचा पट काढला आणि क्षणात चितपट केलं. अव्वानं तोंडात बोट घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग शेवटची मोठी कुस्ती लागली. सीमेच्या दोन्हीकडचे नावाजलेले गडी, पत्रकावर त्यांचे फोटो पुढाऱ्यांच्या खालोखाल. शड्डू घुमले, हलगी कडाडली, माती उडाली. अर्धा तास दोघं एकमेकांना रेटत होते. कुणी पडतंय असं वाटलं की लोक उभे राहायचे, आणि तो निसटला की खाली बसायचे. शेवटी मामानं दोघांचे हात वर केले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. लोकांनी फेटे उडवले.

"नुरा हाय," अव्वा म्हणाली.

आधीच ठरवून केलेल्या लुटुपुटूच्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात. हा शब्द फडात मोठ्यानं उच्चारला तर डोकी फुटतात. अव्वाचा आवाज मोठाच आहे, आणि हलगी नेमकी थांबली होती. आसपासच्या सगळ्या माना वळल्या.

"त्यो ढाकेचा डाव टाकला न्हाई का, तवा खालचा गडी आपणच उडी मारत होता," तिनं पाहुण्यांना समजावून सांगितलं. "आन कानात बोलायलेत की सारखं. पोरानं मान आधीच आत घेतली पडायच्या टायमाला. मी लई बघितलंय हे." पाहुण्यांनी मान डोलावली. एकमेकांच्या कानात बोलून जाहीर भांडणं करण्याचा अनुभव त्यांच्याइतका तिथं कुणाला होता! आयुष्यभर फडात बसलेल्या, टीव्हीवरची कुस्ती खोटी म्हणून नाक मुरडणाऱ्या एकाही माणसाला हे दिसलं नव्हतं.

संध्याकाळी आजोळच्या घरी मामीनं हुग्गी केली होती. मामा ताटावर बसला, पण गव्हाच्या त्या गोड खिरीला त्यानं हात लावला नाही. "उद्या दुसऱ्या गावात खेळायचंय त्या पोरांना," तो खाली बघत म्हणाला. "हाड मोडलं तर घर कोण चालवल त्येंचं? थोडं सांभाळूनच खेळावं लागतं अक्का."

"मी कुठं वाईट म्हणले?" अव्वा म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "अप्पाची ती कुस्ती बी अशीच होती का रं?"

मामी वाढायची थांबली. मामानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"व्हय. अप्पानीच सांगितलं मला, जायच्या आधी. त्या गड्याची कंबर आधीपासनंच आखडली होती. पाडलं असतं तर परत उठला नसता. म्हणून दिवस मावळंस्तोवर दोघं नुसते झोंबत राहिले."

अव्वा त्याच्याकडं बघतच राहिली. "आदल्या दिशी आपल्या घरी जेवायला होता त्यो. मीच वाढलं त्येला. ताटाकडं वाकता येईना त्येला, मी भाकरी हातात दिली. मला ठाऊक होतं रं त्येची कंबर दुखायलीय. मला तवाच ठाऊक होतं." तिचा आवाज चढला. "मग मला कामून सांगितलं न्हाईस इतकी वर्सं?"

"कुस्तीचं बायकांना कसं सांगायचं?"

"बदाम वाटायला बायका लागतात! सासूचं खोटं दुखणं, नवऱ्याचा खोटा राग, समदं आमाला दारातनं कळतं. आमी फडात आलो असतो तर पहिल्याच दिशी ओळखलं असतं, म्हणून येऊ देत न्हाईत तुमी."

मला वाटलं आता अव्वा रडणार, आणि मी स्वतःच रडायच्या बेतात होते. पण तिनं माझ्याकडं हात केला. "ते नवरदेवाचं लाव गं."

मामाच्या टीव्हीला जोडायची वायर सापडेना, म्हणून आम्ही मोबाईलच तांब्याला टेकवून ठेवला. एजंट आला, पंचानं नाडी बांधली, काठी बसली. मामा सरकत सरकत जवळ आला. नवरदेवानं रोडरोलरला उचललं आणि अव्वा म्हणाली, "थांबीव." मी थांबवलं. रोडरोलर हवेत आडवा होता आणि त्याच्या डोक्याखाली नवरदेवाचा पंजा होता.

अव्वानं त्या पंजावर बोट ठेवलं. "हे अप्पा," ती म्हणाली. "आज बघितलं मी त्येंला खेळताना."

मामानं ह्या खेपेला खोटं म्हटलं नाही. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत तो पुटपुटला, "पुढच्या साली माझ्या शेजारी बस अक्का. खुर्ची टाकतो."

"बघू," अव्वा म्हणाली आणि हुग्गीचं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "कुस्ती चांगली लावलीस तर येते."