दम दिल्यावर विझलेला ड्रोन

आमच्या गावातल्या शूरांनी एकदा उपग्रहाला दम भरला, आणि ड्रोन घाबरून विझला असं गावात अजूनही अभिमानानं सांगतात.

जळकोटजवळच्या आमच्या गावात त्या पावसाळ्यात ड्रोनची हूल उठली होती. चोर म्हणे ड्रोन सोडून घरं हेरतात. अंधार पडला की बाप्ये काठ्या-बॅटऱ्या घेऊन पारावर जमायचे. माझे धाकटे दीर त्यांचे म्होरके. मला मात्र दिवेलागणीनंतर गच्चीवर बसून उपग्रह बघायचा जुना नाद. एक ठिपका न लुकलुकता सरळ निघतो आणि भर आभाळात पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो. फुकटची करमणूक.

त्या संध्याकाळी तसाच एक निघाला. खालून आरडाओरडा झाला, बॅटऱ्यांचे झोत वर गेले आणि नेमका तेव्हाच तो सावलीत गेला.

"बघितलं का वैनी? आमी वरडलो की बंद केला! जवळच बसून चालवतंय कुनीतरी," दीर खालून ओरडले.

काय ती अक्कल! जवळ म्हणजे कोण, तर हायवेच्या कडेला ताडपत्रीचं पाल ठोकून गाद्या भरून देणारं कुटुंब. निम्मं गाव झोपतं त्यांच्याच गाद्यांवर. फौज तिकडं निघाली. मीही मागोमाग धावले.

म्हाताऱ्या गादीवाल्यानं हात जोडले, खिशातला साधा मोबाईल पुढं केला. "आमच्यापाशी एवढंच हाय, मालक."

"ह्याला तर बटनं हायत!" एकजण ओरडला. कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

मी दिरांना म्हटलं, "भावजी, आता दुसरा निघंल, सोलापूरच्या अंगानं. कुणी तोंड उघडू नका. तरी उमरग्याकडं जाता जाता विझतो का नाही बघा."

निघाला. सगळे चिडीचूप. विझला.

"तुमाला आधीच कसं ठाव?" दिरांनी विचारलं.

"मोबाईलवर वेळ कळते त्याची."

"मंजी मोबाईलवरच चालतंय की!"

कपाळ माझं! मी भांडत होते तोवर म्हाताऱ्याच्या सुनेनं पालाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या होत्या. त्याच अंधारात, पोरांना कापसाच्या गाठोड्यांवर बसवून ते निघून गेले. संतापानं मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून आभाळ गच्च भरून आलं. आठवडाभर एक चांदणी दिसली नाही. ड्रोन पळवून लावले म्हणून पारावर दिरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.