मथुराबाईंचं गाणं शोधताना

मित्रहो, खेड्यांतून जमवलेल्या ओव्यांमध्ये हवा तो शब्द चटकन सापडावा म्हणून कोणता डेटाबेस घ्यावा, असं मी इथे विचारलं होतं. तुम्ही आपसात भांडून एक सुचवलात. जुना प्रोग्राम काढून तो बसवला. वेगाबद्दल तक्रार नाही.

आज सकाळी असोद्याहून एक बाई एसटीने देवपूरला आमच्या संस्थेत आल्या. त्यांची आई नुकतीच वारली. पूर्वी आमच्याच मंडळींनी तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या.

"भाऊ, माह्या मायचं नाव मथुरा. तिचं गानं भेटीन का?"

मी नाव टाकलं. कीबोर्डवरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं, एकही नोंद नाही. गावाचं नाव टाकलं तर पडदाभर ओव्या आल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव एकच होतं: अक्का.

आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला नाव विचारतं कोण? प्रत्येकीला अक्का म्हणायचं, तिच्या हातचा चहा प्यायचा, ओव्या लिहून घ्यायच्या आणि निघायचं.

"एखादा शब्द आठवतो का?"

"आठवला असता तं इथं कायले आली असती?"

मग मी एकेक ओवी वाचून दाखवू लागलो. प्रत्येकीला त्या म्हणायच्या, "हे बी तिचंच वाटते." शेवटी मलाच वाचवेना.

जुना प्रोग्राम शोधायला इतका वेळ घ्यायचा, की समोरचा माणूस निदान तेवढा वेळ आशेवर बसायचा. नव्याने तेवढंही ठेवलं नाही.

आता कोणता घेऊ, सांगा.