आटलेलं लष्कर

तिला सगळी गल्ली चिमटी म्हणायची. एक तर ती अंगाने दोरीवरच्या चिमट्याएवढीच होती, आणि दुसरं म्हणजे एकदा कशाला धरलं की सोडायची नाही. वय पंधरा. आठ दिवसांसाठी आत्याकडे राहायला आली आणि चौथ्याच दिवशी नदीवरचा पूल उडाला. आईबाबा पलीकडे, चिमटी अलीकडे, फोन मुका. आत्याने तिला दोन दिवस पोटभर रडू दिलं. तिसऱ्या दिवशी ओल्या चादरींची बादली हातात देऊन म्हणाली, "रडायचंच असेल तर पिळता पिळता रड. पाणी पाण्यात जाईल."

आत्याची लाँड्री होती. पुढे धुरकट काचेचं दार आणि काउंटर, मागे कपडे उकळायची दोन पिंपं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. घरात आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आणि त्यांचा मुलगा ढब्बू, वय सतरा. लढाई सुरू झाल्यापासून तो रोज सकाळी "मी सैन्यात जाणार" असं जाहीर करायचा, आणि न्याहारी झाली की विसरायचा.

शत्रू आला तो मंगळवारी, सकाळी साडेदहाला. सगळी गल्ली तळघरात उतरली. आत्या जागची हलली नाही, कारण पिंपात हॉटेलच्या चादरी उकळत होत्या. "आत्ता सोडून गेले तर पिवळ्या पडतील," ती म्हणाली, आणि रणगाडे दारावरून जात असताना काठीने चादरी ढवळत राहिली. चिमटी काउंटरखाली गेली. ढब्बूने मळक्या कपड्यांच्या टोपलीत सूर मारला तो तासाभराने वर आला, कानावर कुणाचा तरी मोजा घेऊन.

दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. गल्लीतल्या अठरा वर्षांवरच्या एक्केचाळीस पुरुषांना सैनिकांनी शाळेच्या हॉलमध्ये कोंडलं. आतोबांना एका चपलेवर नेलं. दुसरी चप्पल आत्याने पुसून दाराशी ठेवली. ती रोज दुपारी शाळेवर डबा घेऊन जायची. डबा रिकामा परत मिळायचा; पण जेवलं कोण, नवरा की पहारेकरी, हे कळायला मार्ग नव्हता.

अशाच एका दुपारी आत्या डबा घेऊन गेली असताना लाँड्रीत कप्तान आला. मिशा भरघोस, चेहरा घामेजलेला. इथली भाषा तो पर्यटकांसाठीच्या एका छोट्या पुस्तकातून शिकला होता. त्याने पान उघडून खणखणीत आवाजात विचारलं, "आपल्याकडे समुद्र दिसणारी खोली आहे का?"

समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होता. कप्तानाने चार पानं उलटली, पुस्तक मिटलं आणि हातवारे करून सांगितलं. शुक्रवारी जनरल येणार. गणवेश सत्तेचाळीस, सगळे लोकरीचे. दुसरा जोड कुणाकडेच नाही, तो मागच्या गाडीत अडकलाय. सगळं स्वच्छ हवं. नाहीतर? त्याने गळ्यावरून बोट फिरवलं, योग्य शब्दासाठी पुस्तकात पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "कृपया बिल आणा."

तो गेला. थोड्याच वेळात हॉटेलात उतरलेल्या त्याच्या सैनिकांचे गणवेश गठ्ठ्यांनी येऊन पडले. चिमटीने ढब्बूला बजावलं, "लोकर आहे. कोमट पाणी, हाताने, हळूहळू. मी वरून साबण आणते."

साबण शोधायला तिला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात ढब्बूने काम संपवलं होतं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस गणवेश त्याने उकळत्या पिंपात लोटले होते. त्या पिंपात हॉटेलचे लाल पडदे होते.

चिमटीने काठीने एक विजार वर काढली. ती सात वर्षांच्या पोराला झाली असती. आणि रंग गुलाबी.

"ढब्ब्या, काय केलंस हे?"

"लवकर व्हावं म्हणून..." ढब्बूची बोबडी वळली. "थोडी... ओढली तर?"

"आपल्याला भिंतीला उभं करतील तेव्हा सांग त्यांना, थोडी ओढा म्हणून!"

पळायचं कुठे, याचा विचार होईपर्यंत कप्तान हजर. त्याने ती विजार हातात घेतली, स्वतःच्या कमरेला लावून पाहिली. ती गुडघ्याच्याही वर संपली. चिमटीने डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर कप्तान कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला होता आणि त्याची मिशी थरथरत होती.

"जनरल," तो म्हणाला, "मला ठो."

भीती वाटली की चिमटीची जीभ आपोआप चालायला लागायची. शाळेत त्यासाठी तिने पुष्कळ मार खाल्ला होता. "दुरुस्त होतं की!" ती म्हणाली. "उसवायचं, जोड लावायचा, परत रंगवायचं. दोन दिवसांचं काम. पण शिंपी लागतील. एक्केचाळीस."

"शिंपी कुठे?"

"तुमच्याकडेच आहेत. शाळेत."

"ते सर्व शिंपी?"

"सगळे. शिंप्यांचीच गल्ली आहे ही."

तेवढ्यात आत्या दारात आली. तिने गुलाबी विजार पाहिली, कप्तानाला पाहिलं, भाचीचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "आणि आपापल्या घरून कात्र्या आणू द्या त्यांना."

एक्केचाळीस पुरुष आले. सोबत दोन पहारेकरी, गणवेश नसल्यामुळे हॉटेलच्या टॉवेलात. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात टॉवेलाची गाठ. शिंप्यांमध्ये एक दाताचा डॉक्टर होता, दोन न्हावी होते, भूगोलाचे मास्तर होते. सुईत दोरा ओवता येणारा एकही नव्हता. कप्तानाला शंका आली असावी. त्याने डॉक्टरलाच पुढे ओढून विचारलं, "तू शिंपी?"

डॉक्टर घाबरून सवयीने म्हणाले, "आ करा." मग जीभ चावून, "म्हणजे, हात वर करा. माप घ्यायचंय."

कप्तानाने हात वर केले, आणि त्याचं समाधान झालं.

कामाला सुरुवात झाली. एका बाहीला चौघे इकडून, चौघे तिकडून लोंबकळले. जोड म्हणून पडदे फाडले. बूटपॉलिश, शाई आणि चहाची पावडर उकळून जो रंग निघाला तो वांगी होता. आणि मागच्या दाराने एकेक शिंपी नदीकाठच्या लव्हाळ्यात जाऊ लागला. तिथून कोळी त्यांना होडीने पलीकडे सोडत. पहारेकरी टॉवेल धरून बाहेर उभे. ते फक्त धुरकट काचेतून सावल्या मोजायचे. म्हणून गेलेल्या प्रत्येक माणसाच्या जागी आत्या दोरीवर गिऱ्हाइकाचा एक कोट टांगायची आणि पिंपाचं झाकण काढून वाफ सोडायची. चिमटी आणि ढब्बू त्या कोटांमधून पळत खोकायचे, शिंकायचे, जाड्या आवाजात भांडायचे. ढब्बू तर भूगोलाच्या मास्तरांच्या आवाजात दीड तास नद्यांची नावं सांगत होता.

आतोबा हटून बसले. "तुला टाकून मी जायचा नाही."

"जाता की धरून पिळू?" आत्या म्हणाली. आणि खाली बसून तिने स्वतःच त्यांच्या पायात दुसरी चप्पल सरकवली.

होडीत एक जागा उरली होती. आतोबांनी चिमटीचा हात धरला. "चल. तासाभरात आईजवळ असशील." चिमटीने नदीकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. आत्या एकटी, एक्केचाळीस कोट, आणि ढब्बूचा आवाज बसत चाललेला. तिने वहीचं पान फाडून आईला दोन ओळी लिहिल्या, घडी आतोबांच्या खिशात कोंबली आणि मागे न बघता आत पळाली. एका कोटाआड उभी राहून ती मोठमोठ्याने खोकली. त्या खोकल्यात रडू खपून गेलं.

शुक्रवारी सकाळी चौकात सत्तेचाळीस सैनिक उभे राहिले. वांगी रंग, बाह्या कोपरापर्यंत, विजारी पोटऱ्यांवर. जनरल मोटारीतून उतरला. कप्तानाने हुकूम दिला, सत्तेचाळीस हात सलामीला वर गेले आणि सत्तेचाळीस काखा एकदम चर्र करून फाटल्या. जनरल नुसता परत मोटारीत बसला. दुपारपर्यंत अख्ख्या तुकडीची रवानगी पार मागच्या छावणीत झाली, बटाटे सोलायला.

निघण्यापूर्वी कप्तान लाँड्रीत डोकावला. आत नुसते कोट लोंबत होते. "शिंपी?" त्याने विचारलं.

चिमटीची जीभ नेमकी तेव्हाच अडकली. कप्तान तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुस्तक काढलं, बराच वेळ पानं चाळली आणि सावकाश वाचलं, "आमचा मुक्काम सुखाचा झाला." टोपी नीट केली आणि तो गेला.

पुढची तुकडी कडक होती. चिमटीने आणि आत्याने बरंच सोसलं, पण गल्लीत कोंडायला पुरुषच उरले नव्हते. सात महिन्यांनी लढाई संपली, तात्पुरता पूल झाला आणि पहिल्याच सकाळी आई चालत आली. तिला चिमटीला लगेच परत न्यायचं होतं. चिमटी तिला म्हणाली, दोन दिवस थांब, हॉटेलच्या चादरी आहेत.

ढब्बू आता लेकराबाळांचा झाला आहे. ते गणवेश आपण मुद्दाम, पूर्ण विचारांती उकळले, असं तो भेटेल त्याला सांगतो. चिमटी समोर असली तरी सांगतो. ती हातातली इस्त्री थांबवत नाही. "हो," म्हणते, "फार खोल विचार केला होता त्याने. पिंपाएवढा."