जीप आधी निघाली होती

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी न्यायालयात किती वेळा साक्ष दिली याची मोजदाद नाही. त्यातली एक साक्ष मात्र शब्दनशब्द आठवते. त्या दिवशी मी सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात चढलो आणि उतरलो तेव्हा मीच उभा केलेला खटला मोडून पडला होता. कुणाचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीचशी माणसं अजून त्याच गावात राहतात.

तेव्हा माझं ठाणं लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या बाजूला होतं. आमच्या हद्दीत भूकंपानंतर नव्याने वसवलेलं एक गाव होतं. घरं एका ओळीत, रस्ते रुंद, त्यामुळे भरदुपारीही कोण कुठे चाललंय ते लांबून दिसतं. त्या गावात एकटी राहणारी साठीची विधवा बाई घरात मेलेली सापडली. डोक्यात मुसळाचा घाव होता, गळ्यातली बोरमाळ गेली होती. हरभरा काढणीचे दिवस होते, सगळं गाव रानात. कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईचा पुतण्या ठाण्यात आला. गावातल्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देणाऱ्या (रिवाइंडिंग करणाऱ्या) माणसाला त्याने चुलतीच्या दारात बघितलं होतं म्हणे. हा मोटारवाला मला माहीत होता. पूर्वी तांब्याच्या तारेच्या चोरीत त्याचं नाव आलं होतं, सिद्ध काही झालं नव्हतं. पण आमच्याकडे एकदा नाव आलेला माणूस पुढच्या वेळी निम्मा आरोपी असतो. मी त्याला उचलून आणला.

त्याचं म्हणणं एकच. त्या दिवशी तो मुदखेडला बहिणीकडे होता. ठाण्यात आलेला प्रत्येक जण घटनेच्या दिवशी बहिणीकडेच असतो, असं मी म्हणालो आणि माझी माणसं हसली. तरी एका शिपायाला मुदखेडला पाठवलं. त्याने परत येऊन घराला कुलूप असल्याचं सांगितलं. तो खरोखर तिथवर गेला होता का, हे आज मी छातीठोक सांगू शकत नाही.

चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. मारहाण झाली का, असं त्यांनी विचारलं. त्याने आधी माझ्या जमादाराकडे पाहिलं, मग नाही म्हणाला. वकील हवा का, सरकारी खर्चाने मिळेल, असंही त्यांनी सांगितलं. तो गप्प राहिला. त्याला प्रश्न समजलाच नाही, असं मला वाटलं होतं. पण मी काही बोललो नाही. पोलीस कोठडी मिळाली होती, मला तेवढंच हवं होतं.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लातूरला गुन्हे आढाव्याची बैठक होती. ठाण्याची एकुलती जीप तपासासाठी ठेवून मी शेजारच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या गाडीतून गेलो. अकरानंतर परतलो तर जमादार दारातच उभे. आरोपी कबूल झाला, बोरमाळ काढून देतो म्हणतो, पंचही बोलावून ठेवलेत, असं त्यांनी सांगितलं. वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मात्र आरोपीने स्वतः जागा सांगितली आणि तिथे वस्तू मिळाली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून आधी निवेदन पंचनामा करायचा, मग जागेवर जायचं. हा क्रम चुकला तर सगळंच गेलं.

साडेअकराला मी निवेदन लिहून घेतलं. बारा वाजायच्या आत जीप निघाली. आरोपीच्या घरामागे कडब्याची गंज होती, कुंपण नसलेली. तो तिच्यापाशी गेला आणि इकडेतिकडे न बघता डाव्या अंगाला खालून तिसऱ्या पेंढीत हात घातला. फडक्यात गुंडाळलेली बोरमाळ बाहेर आली. त्याचं ते न चाचपणं मला त्या वेळी खटकलं नाही. उलट मी मनात म्हटलं, यापेक्षा पक्का पुरावा कोणता?

दोषारोपपत्र गेलं. जामीन नाकारला गेला. दोन वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता. लातूरला सत्र न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा त्याला सरकारी खर्चाने एक वकीलबाई मिळाल्या. वयाने लहान, आवाज हळू. सरकारी वकील त्यांना फारसं मोजत नव्हते. मीही नव्हतो.

माझ्या साक्षीचं समन्स आलं. त्यात जीपचं लॉगबुक सोबत आणावं, असं लिहिलं होतं. वकीलबाईंनी तसा अर्ज केला होता. खुनाच्या खटल्यात डिझेलच्या नोंदी कशाला हव्यात, हा संशय मला सकाळपासून खात होता. न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसून मी ते पान काढलं.

त्या दिवशीची पहिली नोंद होती, दहा वाजून दहा मिनिटं, आरोपीच्या गावाकडे. परत, अकरा वाजून पाच. दुसरी नोंद पावणेबाराची, माझ्यासोबतची. म्हणजे आरोपीने जागा सांगण्याआधीच जीप त्या गावाला जाऊन आली होती.

जमादारही साक्षीसाठी आले होते. मी त्यांना जिन्याखाली नेलं आणि पानावर बोट ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही. सकाळी फोन आला होता, माल आरोपीच्या गंजीत, खालून तिसऱ्या पेंढीत आहे. ते जाऊन बघून आले, होता तिथेच ठेवला आणि आरोपीला काय बोलायचं, कुठे हात घालायचा ते समजावलं.

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"त्या पुतण्याचा," ते म्हणाले. "साहेब, माल तर आरोपीच्याच घरामागं सापडला ना? मी फक्त कागद सरळ केला."

गंज उघडी होती, कुणीही तिथे काहीही ठेवू शकत होतं. आणि आरोपीच्या घरामागच्या गंजीतली तिसरी पेंढी ज्याला ठाऊक होती, त्यानेच पहिल्या दिवशी आरोपीचं नाव दिलं होतं. मेलेल्या बाईच्या मागे तिची जमीनही त्या पुतण्यालाच जाणार होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

मी सरकारी वकिलांना सांगितलं. त्यांनी लॉगबुक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "आठवत नाही म्हणा. एवढ्या दिवसांनी कुणाला आठवतं?"

आधी सरकारी वकिलांनी प्रश्न विचारले, सरतपासणी झाली. मी विचारलं तेवढंच बोललो. मग वकीलबाई उठल्या.

"निवेदनाची वेळ साडेअकरा. त्याआधी आरोपीने ही जागा तुम्हाला सांगितली होती?"

"नाही."

"मग दहा वाजून दहा मिनिटांनी जीप त्याच्या गावाला कशासाठी गेली?"

आरोपी मागे दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. पोलिसाकडून त्याची काही अपेक्षाच उरलेली नव्हती. आठवत नाही, हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. शपथ घेऊन ते दोन शब्द मी पूर्वी वापरलेले आहेत, हेही इथे कबूल करतो.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"मला आज सकाळीच कळलं," मी म्हणालो. "बोरमाळ कुठे आहे ते ठाण्यात आधीच माहीत होतं. ते आरोपीकडून कळलेलं नव्हतं."

टंकलेखकाचा हात थांबला. न्यायाधीशांनी मला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. खबर कुणाची होती, हे बाईंनी विचारलंच नाही. त्यांच्या अशिलासाठी एवढं पुरेसं होतं. खरा गुन्हेगार शोधून देणं हे आरोपीचं काम नसतं, ते आमचं असतं.

मी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. जमादारांची खातेनिहाय चौकशी झाली, त्यांची वेतनवाढ रोखली गेली. मलाही ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. न्यायालयाच्या परवानगीने पुढचा तपास केला. पुतण्याला नोटीस देऊन बोलावलं. तो वकील घेऊनच आला. त्याचं उत्तर तयार होतं. मोटारवाल्याला गंजीत काहीतरी खुपसताना त्याने लांबून बघितलं होतं, भीतीपोटी आधी बोलला नाही. फोनच्या जुन्या नोंदी आता मिळणार नव्हत्या. बोरमाळ इतक्या हातांतून गेली होती की तिचा उपयोग संपला होता. मला खात्री होती, पण पुरावा आम्हीच नासवला होता.

आरोपी निर्दोष सुटला. निकालपत्रात त्याच्या जबाबातलं एक वाक्य घेतलं होतं: माल मी काढून दिला नाही, मला काढायला लावला.

आठवडाभराने तो ठाण्यात आला. निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणली होती. मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"साहेब, हा कागद गावात कोण वाचतंय? लोकं अजून मोटार दुरुस्तीला टाकीनात माझ्याकडं. वकीलबाईनं सोडवला म्हणतेत, सुटला म्हणजे केलं न्हाई असं न्हाई, म्हणतेत. तुम्ही मला समद्यादेखत जीपमधी घालून नेलं. आता तुम्हीच येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दीत गेलो. समाजमंदिरासमोर तीस-चाळीस माणसं जमली. मी निकाल वाचून दाखवला आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलं की या माणसाविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही, त्याला धरण्यात माझी चूक झाली. मोटारवाला भिंतीला टेकून उभा होता. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग म्हातारीला मारलं कुणी?"

पुतण्या दुसऱ्या रांगेत बसला होता. मांडीवर हात ठेवून तो माझ्याकडे शांतपणे बघत होता, इतर सगळे बघत होते तसाच.

नोकरीतल्या पूर्वीच्या कोणत्याही वर्षी मी निदान त्याच्याकडे रोखून पाहिलं असतं, आणि गावाला तेवढं पुरलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नसतं. पण संशयावर माणूस कसा गुन्हेगार ठरतो, ते भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

"ते मला सिद्ध करता आलं नाही, काका," मी म्हणालो, आणि पुतण्याकडे न बघता जीपकडे निघालो.